हजेरी सगळ्यांची

शाळेच्या ओट्यावरून

मुलांनो, प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली, सगळे रांगेने वर्गात येऊन बसले, की बाई पहिलं काम कोणतं करतात? बरोबर! हजेरी घेतात. एकेक नाव पुकारायचं आणि पलीकडून 'हजर!' असा आवाज यायचा. कुणाचा आवाज खणखणीत, कुणाचा झोपाळू. कुणी शेजारच्याचीही हजेरी देऊन टाकतो आणि मग बाईंचे मोठे डोळे पाहतो!

आता एक गंमत सांगते. 'हजेरी' हा आपला रोजचा शब्द मुळात अरबी. तो फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि इथलाच झाला. तुमच्या पाठीवरचं 'दप्तर' फारसी. 'कागद' आणि 'शाई'ही तिकडूनच आले. बाईंची 'खुर्ची' अरबी. वर्गाच्या कुलपाची 'चावी' आणली पोर्तुगीजांनी. खिचडीत पडणारा 'बटाटा' आणि पाणी भरायची 'बादली' हे शब्दसुद्धा त्यांचेच. 'पेन्सिल' आणि 'बेंच' इंग्रजी. घरी कुणाला 'अण्णा', 'अक्का' म्हणत असाल, तर ते शब्द आले कन्नडमधून. राहिली आपली 'शाळा'. ती आली संस्कृतातून.

म्हणजे बघा, वर्गात पाऊल टाकलं की पाच-सहा भाषा आधीच येऊन बसलेल्या असतात. त्या एकमेकींना 'तू परकी, तू उठ' असं म्हणत नाहीत. कागदाने शाईला कधी गाव विचारलंय का? मग आपण माणसं का विचारतो?

आमचं मुरबे गाव पालघर तालुक्यात, अगदी समुद्राला लागून. खाडीच्या पलीकडे सातपाटी. दोन्ही गावं मासेमारीची. सातपाटीचं पापलेट तर इतकं नावाजलेलं, की २०२३ साली महाराष्ट्राने रुपेरी पापलेटला 'राज्यमासा' केलं. आमच्या वर्गातल्या कित्येकांचे बाबा, काका, आजोबा बोटीवर जातात. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा तेच बाबा मुलांना शाळेत सोडायला येतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला, की पुन्हा आपले समुद्रावर.

किनाऱ्याकडून आत गेलं की शेती, वाड्या आणि आदिवासी पाडे. थोडं उत्तरेला बोईसर. तिथे कारखानेच कारखाने. त्याच्या पुढे तारापूर. आपल्या देशात अणूपासून व्यापारी प्रमाणावर वीज पहिल्यांदा तयार झाली ती इथेच, १९६९ साली. या कारखान्यांत काम करायला उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, गुजरात अशा कुठल्या कुठल्या राज्यांतून माणसं आली. माणसं आली, म्हणजे त्यांची मुलंही आली. आणि मुलं आली, की ती शाळेत येणारच ना!

म्हणून आमच्या भागातल्या शाळांच्या हजेरीपटात मांगेला कोळ्यांची मुलं असतात, वारल्यांची असतात, बागायतदारांची असतात आणि हजार-दीड हजार किलोमीटरवरून रेल्वेने आलेलीही असतात. हजेरीपटावर सगळ्यांच्या नावापुढे सारखीच चौकट. पण चौकट मिळाली म्हणजे मूल वर्गात आलंच, असं असतं का?

दोन वर्षांपूर्वी तिसरीच्या वर्गात एक मुलगी आली. ओडिशातल्या समुद्राजवळच्या गावातली. वडील बोईसरच्या एका कारखान्यात लागले होते. मुलीला मराठी येत नव्हतं, हिंदीही जेमतेम. नाव पुकारलं की ती नुसती उभी राहायची. 'हजर' नाही की काही नाही. आठवडाभरात मुलांनी तिला 'मुकी' म्हणायला सुरुवात केली. एकदा रागवून झालं, समजावून झालं. पण तुम्हाला ठाऊक आहे, बाईंची पाठ फिरली की टोपणनाव पुन्हा सुरू!

तिचं शाळेत येणं कमी होऊ लागलं. आज पोट दुखतं, उद्या डोकं दुखतं. तिची आई मला म्हणाली, "बाई, रोज रडती है. दिवाली के बाद गाँव भेज देंगे, नानी के पास." म्हणजे काय झालं असतं? एका टोपणनावापायी एक मुलगी आईबाबांपासून दूर गेली असती. टोपणनाव ठेवायला काही लागत नाही हो, पण ते ज्याला चिकटतं त्याला किती जड होतं!

त्याच सुमारास परिसर अभ्यासाच्या तासाला मी मुलांना सांगितलं, "तुमच्या घरी येणारा एक मासा काढा आणि खाली त्याचं नाव लिहा." मुरब्याच्या मुलांना हे सांगायचा अवकाश! कुणी बोंबील, कुणी पापलेट, कुणी घोळ. त्या मुलीने काढली कोळंबी. लांब मिशा, वाकडी पाठ, पाय मोजून घ्यावेत असे. खाली तिने आपल्या लिपीत नाव लिहिलं. एक मुलगा वाकून बघत ओरडला, "बाई, हिने जिलब्या काढल्या!"

सगळा वर्ग हसला. ती वही मिटायला लागली. मी ती वही मागून घेतली आणि तो शब्द मोठा करून फळ्यावर उतरवला. अक्षरं खरंच गोल गोल होती. मी विचारलं, "ही अक्षरं अशी गोल का असतील, सांगा बघू?" कुणाला येईना. मग म्हटलं, "उद्या येताना ताडाचं पान आणि एक सुई घेऊन या."

आमच्याकडे ताडाला काय तोटा! दुसऱ्या दिवशी पानांचा ढीग पडला. मी सांगितलं, पूर्वी ओडिशात कागदावर लिहीत नसत, ताडपत्रावर लिहीत. लोखंडी टोकदार कलमाने पानावर अक्षरं कोरायची आणि मग त्यावर काजळी चोळायची, म्हणजे ती उठून दिसत. आता तुम्ही सुईने पानावर एक सरळ आडवी रेघ मारा. मुलांनी रेघ मारली आणि चर्र! पान शिरेच्या बाजूने चिरलं. मग म्हटलं, आता गोल काढा. गोल काढला, पान शाबूत! मुलांचे डोळे चमकले. आपल्या मराठी अक्षरांच्या डोक्यावर सरळ रेघ असते. ओडियात पान फाटू नये म्हणून तिची कमान झाली, असं जाणकार सांगतात. 'जिलब्या' म्हणणारा तो मुलगा सगळ्यांत जास्त वेळ पानावर गोल काढत बसला होता.

मग कुणीतरी तिला विचारलं, "ह्याला काय म्हणतात तुमच्यात?" कोळंबीकडे बोट दाखवत ती हळूच म्हणाली, "चिंगुडी."

झालं! वर्गाला तो शब्द इतका आवडला, की मधल्या सुट्टीत सगळे 'चिंगुडी, चिंगुडी' करत पळत होते. खेळ सुरू झाला. आमचा 'खेकडा', तर तिचा 'कंकडा'. आमचा 'मासा', हिंदीतली 'मछली', गुजरातीतली 'माछली' आणि तिचं 'माछ'. चौघी बहिणींसारखे दिसतात ना हे शब्द? त्यांची आजी एकच, संस्कृतातला 'मत्स्य'. आणि 'भात' तर मराठीतही भात, ओडियातही भात! खिचडीच्या वेळी ती म्हणाली, आम्ही घरी 'माछ-भात' खातो. कोळ्यांच्या पोरी म्हणाल्या, "मग आम्ही काय खातो?"

पुढच्या आठवड्यात हजेरीच्या वेळी तिचं नाव आलं आणि ती म्हणाली, "उपस्थित." तिच्या गावच्या शाळेत तसंच म्हणत. आम्हा सगळ्यांना कळलं. तो शब्द मराठीतही आहे! दिवाळी झाली, पण ती गावी गेली नाही. आज ती पाचवीत आहे. मराठी वाचते, बाजारात आईला भाव करून देते आणि 'ळ' तर आमच्यापेक्षा स्पष्ट म्हणते. का, माहीत आहे? ओडियातही 'ळ' आहे!

मुलांनो, मुलं शाळेत येत नाहीत, आली तर टिकत नाहीत, हा प्रश्न आमच्या जिल्ह्यात जुना आहे. त्याचं एक उत्तर आमच्याच डोंगरात सापडलं. डहाणू तालुक्यात कोसबाड नावाची टेकडी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोन शिक्षिकांनी तिथे मोठं काम केलं. ताराबाईंनी आधी गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे धडे गिरवले होते. १९४५ साली त्यांनी बोर्डी गावात ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं आणि अनुताई त्यांच्या मदतीला आल्या. पुढे काम कोसबाडला गेलं.

तिथली वारली मुलं शाळेत येत ना! कुणाला धाकटं भावंड सांभाळायचं, कुणाला गुरं राखायची. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, 'ह्या मुलांना शिकायचंच नाही.' या दोघींनी काय केलं? मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच मुलांकडे गेली! पाड्यावरच्या अंगणात वर्ग भरू लागला, तीच 'अंगणवाडी'. गुरं चरतात त्या कुरणात वर्ग भरला, ती 'कुरणशाळा'. महागडी खेळणी नव्हती, मग शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांनी मुलं मोजायला शिकली. १९७५ साली सरकारने लहान मुलांसाठी देशभर योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हेच नाव मिळालं. तुमच्यातले कितीतरी जण अंगणवाडीत जाऊन आले असतील. तो शब्द आपल्याच भागात रुजला, हे लक्षात ठेवा बरं का!

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. पण मला त्यांची एकच गोष्ट फार मोठी वाटते. त्यांनी मुलाला आधी बदलायला सांगितलं नाही. शाळेलाच चार पावलं पुढे चालायला लावलं.

आता स्नेहसंमेलनाची गोष्ट. गेल्या वर्षी चौथीच्या मुलांनी नाच ठरवला. विषय 'विविधतेत एकता'. एकजण होणार पंजाबी, एक दाक्षिणात्य, एक कोळी आणि चौघे 'आदिवासी'. आदिवासी म्हणजे काय, तर कमरेला पानं, तोंडाला काळा रंग आणि हातात भाला! टीव्हीवर पाहिलं होतं म्हणे. तालीम सुरू होणार, इतक्यात मागच्या बाकावरचा एक वारली मुलगा उभा राहिला. तो कधी फारसा बोलत नाही. म्हणाला, "बाई, आमच्या घरी कुणीच असं नाय फिरत."

वर्ग गप्प झाला. त्या मुलाने फक्त खरं सांगितलं होतं. पण पन्नास जणांसमोर एकट्याने ते सांगायला केवढं धैर्य लागलं असेल, विचार करा. समजा, उद्या कुणी तुमच्या आईबाबांची नक्कल करायला कोळसा फासून उभा राहिला, तर तुम्हाला कसं वाटेल?

मी त्याला विचारलं, "मग काय असतं तुमच्या घरी?" तो म्हणाला, "माझा आजा तारपा वाजवतो."

आम्ही आजोबांना बोलावलं. ते नेहमीचा सदरा घालून, पिशवीत तारपा घेऊन आले. तारपा कसा असतो, ठाऊक आहे? वाळलेला दुध्या भोपळा, बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा. भोपळ्यात हवा फुंकायची आणि नळीच्या भोकांवर बोटं फिरवायची. आजोबा एकदा वाजवायला लागले, की थांबत नव्हते. श्वास कधी घेतात तेच कळेना! मुलांनी एकमेकांच्या कमरेला हात घालून फेर धरला. आजोबांनी एकच नियम सांगितला, "तारप्याला पाठ दावायची नाय." वाजवणारा जिकडे वळेल, तिकडे सगळी रांग वळते. वारली चित्रातला तो गोल गोल फेर तुम्ही पाहिलाय ना? तोच हा.

ती चित्रंसुद्धा आमच्याच जिल्ह्याची. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहायचं काम पूर्वी बायका करत. डहाणू तालुक्यातल्या गंजाड गावच्या जिव्या सोमा मशे यांनी ती कला भिंतीवरून कागदावर आणली आणि जगभर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. आज वारली चित्रं साडीवर, कपावर, रेल्वे स्टेशनच्या भिंतीवर दिसतात. चित्र आवडतं, पण चित्र काढणाऱ्याच्या नातवाची भाषा ऐकून हसू येतं, असं होऊन कसं चालेल?

संमेलनात मग नाच झाला, पण पानं आणि भाले नव्हते. कोळ्यांच्या मुलींनी आईच्या जुन्या टोपल्या आणल्या आणि जाळं कसं विणतात ते एका आजोबांनी मंचावर बसून दाखवलं. आपल्या त्या ओडिशाच्या मुलीने ताडपत्रावर लिहून दाखवलं. तारपा शेवटी वाजला आणि पालकसुद्धा फेरात उतरले. पेटीत टाकायचे पैसे कमी जमले असतील, पण त्या वारली मुलाची मान त्या दिवशी जी वर झाली, ती खाली आली नाही.

मुलांनो, आमच्या मुरब्याची आणखी एक गोष्ट सांगते. १९४२ सालच्या 'चले जाव' चळवळीत १४ ऑगस्टला पालघरला मोठा मोर्चा निघाला. पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण हुतात्मा झाले. सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, पालघरचे रामप्रसाद भीमाशंकर तिवारी, सालवडचे सुकूर गोविंद मोरे आणि आमच्या मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी. पालघरच्या पाचबत्ती चौकात त्यांचं स्मारक आहे. नावं पुन्हा एकदा हळू वाचा. गावं वेगळी, आडनावं वेगळी. पण त्या दिवशी देशाने हजेरी घेतली, तेव्हा पाचही जण हजर होते. आज आपण त्यांची नावं एका दमात घेतो. कोण कुठला, असं कुणी विचारत नाही.

साने गुरुजींचं एक स्वप्न होतं, 'आंतरभारती'. भारतातल्या मुलांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांच्या घरी जाऊन राहावं, असं त्यांना वाटे. त्यासाठी लांब जायला हवं असं नाही. कधीकधी आंतरभारती आपल्या शेजारच्या बाकावरच बसलेली असते आणि आपण तिला 'मुकी' म्हणत असतो!

या आठवड्यात करून पाहा

१. 'एक वस्तू, अनेक नावं' असा तक्ता करा. पाऊस, मासा, भात, आजी आणि पपई हे पाच शब्द घ्या. वर्गात, वाडीत, चाळीत जितक्या भाषा आणि बोली सापडतील, तितक्यांत त्यांची नावं विचारून लिहा. पपईचं ओडिया नाव मी सांगते, 'अमृतभंडा'. म्हणजे अमृताचं भांडं! आता पपई खाताना आठवेल ना?

२. 'मीन' म्हणजे मासा. मल्याळममध्ये रोज हाच शब्द वापरतात. मराठीत तो कुठे लपलाय? (सूचना : राशींच्या यादीत शोधा.)

३. घरातले असे दहा शब्द शोधा, जे दुसऱ्या भाषेतून आले आहेत. 'पाव' आणि 'पगार' मी सांगून टाकते, दोन्ही पोर्तुगीज. उरलेले आठ तुमचे.

४. वर्गात कुणाला टोपणनाव असेल, तर त्याला एकदा एकटं गाठून विचारा, "तुला हे नाव आवडतं का?" उत्तर 'नाही' असेल, तर दुसऱ्या दिवसापासून ते बंद. फक्त तुमच्यापुरतं नाही, दुसऱ्या कुणी म्हटलं तरी थांबवायचं.

पालकांसाठी दोन शब्द

काही आई-वडील मला म्हणतात, "बाई, घरची बोली सुटली तरच पोराची भाषा सुधारेल." त्यांची काळजी मला कळते. प्रमाण मराठी नीट आलीच पाहिजे. परीक्षा, अर्ज, नोकरी, सगळं त्यावर आहे. ती शिकवणं हे माझं काम, आणि मी ते करणारच. पण घरची बोली टाकल्याने मराठी लवकर येते, असं मला वर्गात दिसलेलं नाही. ज्याला घरी खूप बोलायला मिळतं, गोष्टी ऐकायला मिळतात, तोच शाळेत लवकर बोलू लागतो. आपल्या राज्यघटनेनेही, भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय असावी, असं कलम ३५० (क) मध्ये म्हटलं आहे. तेव्हा मांगेली असो, वारली असो, भोजपुरी असो, घरी मुलांशी आपल्या भाषेत खुशाल बोला. मुलाला तिची लाज वाटायला लागली, की त्याला तुमचीही लाज वाटायला लागते. ते फार महाग पडतं.

आणि एक. शेजारी कुणी नवीन कुटुंब आलं असेल, तर 'हे बाहेरचे' हा शब्द मुलांसमोर जपून वापरा. मुलं तो घरी ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात आणतात. आम्ही शाळेत दिवसभर खपून जे जमवतो, ते एका वाक्यात मोडतं.

तर मुलांनो, तुमचा तक्ता झाला की वर्गात लावा आणि आपल्या बाईंना, गुरुजींना दाखवा. सगळ्यांत जास्त भाषा कुणाला सापडतात, बघूया! पुढच्या आठवड्यात भेटू.

तुमच्या
ओट्यावरच्या बाई